वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांचे डोळे

दहावीचा निकाल लागला की दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या तोंडी आजारापेक्षा मुलांच्या पुढच्या शिक्षणाचाच विषय अधिक असतो. अशाच एका शेतकरी गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, पोरगा आय.टी.आय.ला वेल्डरला जातो म्हणतोय. त्या कामात डोळे जातात म्हणं. घालू का नको?"

मी म्हणालो, "जरूर घाला. धंदा चांगला आहे. वेल्डिंगनं डोळे जात नाहीत, निष्काळजीपणानं जातात."

त्यांचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. कारण वेल्डिंग शिकणाऱ्या ज्या एका मुलाचा डोळा माझ्यासमोर अधू झाला, त्यात निष्काळजीपणा त्याचा थोडा आणि माझा जास्त होता. ती हकीकत मी आजवर लिहिली नव्हती. या धंद्यात मुले घालणाऱ्या आई-बापांच्या उपयोगी पडेल म्हणून आज लिहीत आहे.

वरळीतील ती रात्र

शिक्षण संपल्यावर काही वर्षे मी मुंबईत वरळीला दवाखाना चालवला. बी.डी.डी. चाळींच्या जवळच तो होता आणि मागच्याच खोलीत मी राहत असे. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळीत त्या १२१ होत्या. आता तिथे पुनर्विकासाचे उंच टॉवर उभे राहत आहेत. पण आपल्या जिल्ह्यातून गिरणीत गेलेल्या कितीतरी माणसांचे अवघे आयुष्य त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत गेले. गावाकडून आलेला कोणीही आधी तिथेच उतरायचा.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतल्या हजारोंना पुन्हा कामाचे तोंड दिसले नाही. बापाच्या मागे मुलाने गिरणीत चिकटायचे, ही वाटही बंद झाली. मग चाळीतली तरुण पोरे मिळेल त्या कामाला लागली. त्यांतलेच एक काम म्हणजे फॅब्रिकेशनच्या गाळ्यातील हेल्परकी. वरळीत या कामाला तोटा नव्हता. समुद्राचा खारा वारा खिडक्यांच्या लोखंडी ग्रिल खाऊन टाकतो. काही वर्षांतच ग्रिलला भोके पडतात, की आली नवीन ग्रिलची ऑर्डर!

१९८४ च्या मे महिन्यात एका रात्री दीडच्या सुमाराला दार वाजले. बाहेर चाळीतले ओळखीचे गृहस्थ, संपात घरी बसलेले, आणि त्यांच्या खांद्यावर डोके टेकून उभा असलेला त्यांचा सतरा वर्षांचा पुतण्या. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा.

"डॉक्टरसाहेब, पोराला काय झालं बघा हो. संध्याकाळी चांगला जेवला, झोपला, आणि आता डोळेच उघडंना."

"काका, डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं होतंय," मुलगा कण्हत म्हणाला.

काय काम करतो, असे विचारले तेव्हा कळले, की तीन आठवड्यांपूर्वी तो ग्रिलच्या गाळ्यात हेल्पर म्हणून लागला होता. दिवसभर त्याचे काम काय? तर मिस्त्री सांगेल तशी पट्टी किंवा अँगल काटकोनात धरून ठेवायचा. मिस्त्री टाका मारी. मिस्त्रीच्या हातात काळ्या काचेची ढाल असे. धरणाऱ्याला काही नसे. "तोंड फिरव," असे मिस्त्री म्हणे आणि त्याच क्षणी ठिणगी पेटवी. पण तोंड पूर्ण फिरवले तर हातातली पट्टी हलते आणि मग शिव्या बसतात. म्हणून मुलगा अर्धे तोंड फिरवी आणि डोळे किलकिले ठेवी. एक टाका एका सेकंदाचा. पण एका ग्रिलला असे किती टाके, आणि दिवसात किती ग्रिल!

आर्क लागते म्हणजे काय होते?

वेल्डिंगच्या ठिणगीतून जो झगझगीत उजेड दिसतो, तो डोळ्यांना दिपवतो एवढेच. खरी इजा करणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते अतिनील किरण होत. उन्हातही ते असतात, पण त्यांचा अतिशय तीव्र भाग वातावरणातच अडतो. वेल्डिंगची ठिणगी हातभर अंतरावर असते; तिथे अडवायला मध्ये काहीच नसते.

डोळ्याच्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला आपण पारपटल म्हणतो. हे किरण त्या पडद्याचा वरचा नाजूक थर भाजून काढतात. उन्हाने पाठीची कातडी सोलते, त्यातलाच हा प्रकार. मात्र त्या वेळी काहीच दुखत नाही. भाजलेल्या पेशी हळूहळू मरतात आणि गळून पडतात, तेव्हा त्यांच्याखालच्या संवेदना उघड्या पडतात. यात साधारण सहा ते बारा तास जातात. म्हणून मुलगा संध्याकाळी हसत घरी येतो आणि मध्यरात्री किंचाळत उठतो. आणखी एक गोष्ट. दिवसभरातले छोटे छोटे झोत एकत्र जमा होतात. एका टाक्याने काही होत नाही, पण दोनशे टाक्यांची बेरीज होते.

हे किरण समोरूनच येतात असेही नाही. चकचकीत पत्र्यावरून आणि पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित होऊन ते बाजूला उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत जातात. मिस्त्रीपेक्षा हेल्परला, चहा घेऊन आलेल्या पोराला आणि गंमत बघत उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलाला आर्क लागते ती यामुळेच.

दिलासा असा, की हा भाजलेला थर निसर्ग लवकर भरून काढतो. डोळ्यांना विश्रांती दिली तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत पूर्ण बरे होतात आणि डोळ्यावर खूण राहत नाही. त्या मुलाचेही तसेच व्हायला हवे होते.

माझी चूक

डोळ्यात लोखंडाचा कण तर नाही ना, हे पाहणे भाग होते. पण मुलगा डोळा उघडू देईना. म्हणून मी दोन्ही डोळ्यांत बधिर करणाऱ्या औषधाचा एकेक थेंब टाकला. अर्ध्या-एक मिनिटात जादू झाली. मुलाने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिले आणि हसला. "काका, गेलं की दुखणं!" कण नव्हता. मी मलम भरले, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि दोन दिवस कामावर जाऊ नकोस असे बजावले.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. तो जादूचा थेंब औषध नव्हे, तो फक्त तपासणीपुरता असतो, हे मी बोललोच नाही. रात्र झाली होती, मला झोप आली होती. बाटली टेबलावर होती आणि मुलगा सातवीपर्यंत शिकलेला होता. त्याने नाव वाचून ठेवले.

दोन दिवस घरी बसणे त्याला परवडणारे नव्हते. काकांच्या घरी खाणारी तोंडे सात आणि कमावणारा तो एकटा. दुसऱ्या दिवशी त्याने औषधाच्या दुकानातून तीच बाटली घेतली आणि खिशात टाकून कामावर गेला. दुखायला लागले की थेंब टाकायचा. अंमल पंधरा-वीस मिनिटांचा, म्हणून पुन्हा थेंब. वर पुन्हा आर्क लागतच होती, पण आता ती कळत नव्हती. मिस्त्रीलाही कौतुक वाटले, पोरगा कसा तयार झाला!

बारा दिवसांनी तो पुन्हा माझ्याकडे आला, तेव्हा उजव्या डोळ्यात बुबुळावर पांढरट ठिपका दिसत होता. डोळा लालभडक, पापण्या सुजलेल्या. त्याने खिशातून रिकामी होत आलेली बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "डॉक्टर, हे आता लागू पडंना."

मी त्याच क्षणी त्याला टॅक्सीत घालून परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या नेत्रविभागात नेले. तिथे उपचार झाले, डोळा वाचला. पण जखम भरताना पारपटलावर पांढरा डाग राहिला आणि उजव्या डोळ्याची नजर कायमची मंद झाली.

बधिर करणारे थेंब वरचेवर टाकले तर दोन प्रकारे घात करतात. एक, ते पारपटलाच्या नव्या पेशींना विषासारखे बाधतात आणि जखम भरू देत नाहीत. दुसरे, दुखणे ही डोळ्याची राखण आहे. कण गेला की पापणी मिटते, पाणी येते, माणूस डॉक्टरकडे धावतो. राखणदारालाच झोपवले तर घर उघडे पडते. मग जखमेत जंतू शिरतात आणि व्रण होतो.

पुढे त्या मुलाने चिकाटीने रीतसर वेल्डिंगचे शिक्षण पूर्ण केले. एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवडही झाली. वैद्यकीय तपासणीत मात्र उजव्या डोळ्यासाठी तो नापास झाला. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला होता. त्याने मला दोष दिला नाही. "त्या थेंबांनी लई बरं वाटायचं डॉक्टर," एवढेच म्हणाला. त्यानंतर आजपर्यंत मी कोणाच्याही डोळ्यात तो थेंब टाकला, तर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला दोनदा बजावल्याशिवाय सोडलेले नाही.

धुराचे काय?

डोळ्यांचे दुखणे निदान रात्री उठवते तरी. धुराचे दुखणे वर्षानुवर्षे गप्प असते.

वेल्डिंगचा धूर म्हणजे वितळलेल्या धातूची वाफ थंड होऊन झालेले अतिशय बारीक कण. ते नाकातल्या केसांना दाद देत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, वेल्ड केले की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला की काही तासांनी घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची गोडसर चव येते, मग थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. बहुधा एका दिवसात सगळे उतरते. मलेरिया समजून वरळीत मी अशा तापावर गोळ्याही दिल्या आहेत. रोज तोच धूर घेतला तर शरीर थोडे सरावते, सुट्टीच्या दिवशी तो सराव मोडतो आणि सोमवारी पुन्हा ताप भरतो. म्हणून सोमवारचा ताप असेही त्याला म्हणतात. असा ताप वारंवार येत असेल तर डॉक्टरला आपले काम काय ते आवर्जून सांगा.

स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असते. त्याने दमा होऊ शकतो. धुरातील मँगेनीज फार काळ आणि फार प्रमाणात गेले तर मेंदूवर परिणाम होऊन हातापायांच्या हालचाली मंदावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधून निघणारे अतिनील किरण, या दोन्हींना माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले. वेल्डरांना न्यूमोनियाचा धोकाही अधिक असतो. म्हणून ब्रिटनमध्ये त्यांना न्यूमोकॉकस जंतूंविरुद्धची लस सुचवली जाते.

आता आपल्याकडचा आवडता उपाय. दिवसभर धूर खायचा आणि संध्याकाळी गुळाचा खडा चघळून वर दूध प्यायचे. गूळ आणि दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही! दूध जरूर प्यावे, पण ते अन्न म्हणून. त्या भरवशावर धूर घेऊ नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्या वेल्डरच्या फुप्फुसावर तर दुहेरी मार बसतो.

मुलाला कामावर पाठवताना

आय.टी.आय.मधला वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तिथे पहिल्या दिवसापासून ढाल हातात देतात. अडचण असते ती बाहेर, छोट्या गाळ्यांत आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये. तिथे डोळे सुजल्याशिवाय कारागीर होत नाही, असे शिकवणारे मिस्त्री आजही भेटतात. हे साफ खोटे आहे. कातडीला घट्टा पडतो, पारपटलाला पडत नाही. पुढील गोष्टी पालकांनी स्वतः पाहाव्यात.

१) ढाल किंवा हेल्मेट मुलाचे स्वतःचे हवे. नेहमीच्या आर्क वेल्डिंगला १० ते १२ नंबरची काच लागते. किती ते करंटवर ठरते. गॅस कटिंगचा काळा चष्मा त्याहून फिका असतो, तो आर्कला चालत नाही. फुटपाथवरचा गॉगल तर मुळीच नाही. ठिणगी पेटताच आपोआप काळी होणारी काचही आता मिळते. टाका नेमका कुठे मारायचा ते शेवटपर्यंत दिसत असल्याने ती शिकणाऱ्याला फार सोयीची.

२) पट्टी धरणाऱ्यालाही ढाल हवी, नाहीतर पट्टी शिकंजात किंवा क्लॅम्पमध्ये धरावी. माणसाच्या हाताचा क्लॅम्प करू नये.

३) ग्राइंडर चालवताना आणि वेल्डिंगवरची खपली हातोडीने उडवताना पारदर्शक चष्मा लावावा. काळी ढाल वर केल्याबरोबर डोळे उघडे पडतात आणि कण नेमका तेव्हाच उडतो.

४) अंगात जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, चामड्याचे हातमोजे आणि पायात बूट हवेत. टेरिकॉट आणि नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. गळा उघडा ठेवला तर उन्हासारखाच भाजतो.

५) काम शक्यतो उघड्यावर, वारा बाजूने येईल असे उभे राहून करावे. धुराच्या लोटात डोके घालू नये. मुलामा दिलेला पत्रा असेल तर जोडाच्या जागचे जस्त आधी घासून काढावे. तेव्हाही तोंडाला धुळीचा मास्क लावावा. बंद टाकीत शिकाऊ मुलाला एकट्याला उतरवू नये.

६) पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नये. रॉड लावायच्या आधी मशीनच्या होल्डरवर ५० ते १०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. ओल्या माणसाला तेवढा पुरतो.

आर्क लागलीच तर

डोळे चोळू नयेत. बंद पापण्यांवर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवावी, अंधाऱ्या खोलीत पडून राहावे, दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी आणि सकाळी डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांत दूध, मध, गुलाबपाणी, बटाट्याचा रस असले काहीही घालू नये. भाजलेल्या पारपटलावर जंतू सोडण्याचाच तो प्रकार आहे. औषधाच्या दुकानातून बधिर करणारे थेंब किंवा स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने आणू नयेत. दुकानदार बंधूंनाही माझी हात जोडून विनंती आहे, की चिठ्ठीशिवाय ते देऊ नयेत.

दुखणे दोन दिवसांत थांबले नाही, नजर धूसर राहिली, एकच डोळा दुखत असला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा काम करताना काही उडून डोळ्यात गेले असे वाटले, तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सकाळची वाट पाहू नये. आणि बरे वाटेपर्यंत दोन दिवस कामाला सुट्टी. ही सुट्टी मालकाने द्यावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने रीतसर नोंद झालेल्या शिकाऊ उमेदवाराला आरोग्य आणि सुरक्षिततेच्या बाबतीत कामगारासारखेच संरक्षण दिले आहे. कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्कही दिला आहे. म्हणून मुलाची अशी नोंद झाली आहे का, हे विचारायला लाजू नका.

त्या शेतकरी गृहस्थांना मी परत बोलावून घेतले. मुलाला वेल्डरला घालाच, असे पुन्हा सांगितले. आणि प्रवेश झाला की बॅग, वही, गणवेशाच्या आधी त्याला एक चांगले हेल्मेट घेऊन द्या, असेही सांगितले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेवढं तर बैलाच्या झुलीलाबी घालवतो आम्ही!"

तेवढेच घाला. पोराच्या दोन डोळ्यांसाठी.